एकास नऊ

मी नोकरीची सारी वर्षे भीत भीत काढली. निवृत्तीच्या समारंभात हे बोलता आले नाही, कारण तेव्हा गळ्यात हार होता आणि शेजारच्या खुर्चीत अधीक्षक बसले होते. आता आपल्या मंडळाच्या अंकासाठी 'तुमच्या नोकरीतलं काहीतरी लिहा' असा निरोप आला आहे, तर जे खरे आहे तेच लिहिते.

मी नर्स होते. आधी बारा वर्षे भोपाळच्या एका सरकारी रुग्णालयात लहान मुलांच्या वॉर्डात आणि मग शेवटपर्यंत नर्सिंगच्या शाळेत शिकवायला. वडील नागपूरहून सरकारी कार्यालयाबरोबर इकडे आले, माझा जन्म इथलाच. घरात मराठी आणि वॉर्डात हिंदी. म्हणून इथे घराबाहेरची जी माणसे मराठीत बोलताना दिसतील ती खरे तर हिंदीत बोलली होती, एवढे समजून घ्यावे.

नर्सला रक्ताची भीती वाटत असेल असे लोकांना वाटते. रक्ताची सवय महिन्याभरात होते. मला भीती वाटायची ती करंगळीएवढ्या काचेच्या कुपीची. इंजेक्शनचे औषध ज्या बंद कुपीत येते आणि जिची मान मोडून ते काढतात, ती कुपी. तिच्यावरची अक्षरे मुंगीएवढी असतात. काही कुप्यांवर ती पुसट निळ्या शाईत छापलेली असतात आणि हात ओला असला की पुसली जातात.

आता यात भिण्यासारखे काय, ते सांगते. बहुतेक औषधे मोठ्या माणसाच्या मापाने तयार होतात. तीन किलोच्या बाळाला त्यातले इतके थोडे लागते की सिरिंजवरच्या रेघांनी ते नीट मोजताच येत नाही. म्हणून औषधात पाणी मिसळून ते पातळ करायचे आणि मग मोजायचे. झटक्यांचे एक औषध आमच्या वॉर्डात नेहमी लागायचे. त्याची कुपी एक मिलीची. ती पूर्ण ओढून घ्यायची आणि त्यात नऊ मिली पाणी घालून दहा मिलीची सिरिंज भरायची. याला आम्ही 'एकास नऊ' म्हणायचो. तसे केले की हिशेब सोपा व्हायचा. पहिल्या डोसला जितके किलो बाळ, तितके मिली. आमच्या जुन्या सिस्टर नव्या मुलींना सांगायच्या, "एक कुपी, दहापर्यंत पाणी. डोळे मिटून करता आलं पाहिजे."

मी ते डोळे मिटून करायला शिकले.

नोकरीच्या चौथ्या वर्षी एका सकाळी अशोका गार्डनकडचे एक बाळ आले. दीड महिन्याचा मुलगा, आदल्या दिवसापासून झटके. आई विशी-बाविशीची होती. दोन दिवसांत तिने पदर सावरला नव्हता की केस विंचरले नव्हते. डॉक्टरांनी औषध लिहिले. मी कुपी मोडली, औषध ओढले, सिरिंज दहापर्यंत पाण्याने भरली, वजनाप्रमाणे मोजून हळूहळू शिरेत दिले. झटके थांबले. बाळ झोपले.

आई माझा हात धरून म्हणाली, "सिस्टर, दोन दिवसांत पहिल्यांदा इतका शांत झोपलाय."

मी हसून टेबलाकडे आले आणि रिकामी कुपी टाकायला उचलली. ती मला उंच वाटली. उजेडात धरली. वर लिहिले होते, दोन मिली. औषध तेच आणि दर मिलीची ताकदही तीच, पण नव्या खेपेत कुपी मोठी आली होती. मी नेहमीसारखी अख्खी कुपी ओढून दहापर्यंत पाणी घातले होते. म्हणजे औषध एका मिलीऐवजी दोन मिली आणि पाणी नवाऐवजी आठ. एकास नऊच्या जागी दोनास आठ. त्या बाळाला मी दुप्पट औषध दिले होते.

त्या क्षणी काय झाले ते मला नीट आठवत नाही. जिभेला धातूची चव आली, एवढे आठवते. त्या औषधाने झोप येते आणि जास्त झाले तर श्वास मंदावतो. मी बाळापाशी गेले आणि छातीकडे बघत श्वास मोजले. कमी होते. पुन्हा मोजले. डॉक्टरांना जाऊन सांगितले. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरे वाटले असते. ते म्हणाले, "श्वास द्यायची पिशवी आणि मास्क उशाशी ठेवा आणि तिथून हलू नका."

मी सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत हलले नाही. दोनदा बाळाचा श्वास इतका लांबला की मी मास्क उचलून त्याच्या तोंडाला लावला. तिसऱ्या वेळी डॉक्टरच धावत आले. आणि या सगळ्या वेळात ती आई शेजारच्या स्टुलावर बसून, बाळ जागे होऊ नये म्हणून दबक्या आवाजात माझ्याशी बोलत होती. गावाकडचे, सासूचे, बाळाचे नाव काय ठेवायचे त्याचे. तिला वाटत होते की ही सिस्टर फार मायेची आहे, म्हणून आपल्या मुलापाशी दिवसभर बसली आहे.

संध्याकाळी बाळ रडले. आयुष्यात तेवढे गोड रडणे मी ऐकलेले नाही. पाच-सहा दिवसांनी ते घरी गेले. जाताना ती आई माझ्या पाया पडायला वाकली आणि मी मागे सरकले. तिला मी काही सांगितले नाही. केसपेपरवर डॉक्टरांनी नोंद केली, वरिष्ठांकडून लेखी ताकीद आली, तिच्यावर मी सही केली. त्या आईला मात्र सांगितले नाही.

पुढे आठ वर्षांनी माझी बदली नर्सिंगच्या शाळेत झाली. मला वाटले, सुटले. फळ्यावर लिहिलेल्या चुकीने कुणाचा श्वास थांबत नाही. पहिल्या चाचणीपर्यंत तो समज टिकला.

आमच्याकडे बैतूल, छिंदवाडा, मंडला अशा भागांतून मुली यायच्या. कष्टाळू, हुशार, पण बऱ्याच जणींचे गणित आठवीतच सुटलेले. चाचणीत मी विचारले होते, एक मिली औषधाला नऊ मिली पाणी, तर दोन मिली औषधाला किती पाणी. अर्ध्याहून जास्त मुलींनी उत्तर लिहिले होते, दहा.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात विचारले, दहा कसे आले. मागच्या बाकावरची बैतूलकडची ललिता उईके उभी राहिली. बारीक, सावळी, बोलताना खाली बघणारी मुलगी.

"मॅडम, औषध एकानं वाढलं. म्हणून पाणीही एकानं वाढवलं."

तिने ते अगदी सरळपणे सांगितले. मी फळ्यावर गुणाकार करून दाखवला. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न आकडे बदलून घातला आणि पुन्हा तेच झाले. एकीने तर सूत्र पाठ करून बरोबर लिहिले होते आणि त्याखाली उत्तर मात्र बेरजेचे. त्या वह्या पुढ्यात घेऊन मी बसले. दोन वर्षांनी या मुली वॉर्डात उभ्या राहणार होत्या, हातात सिरिंज घेऊन. माझ्या एका चुकीने एक बाळ आठ तास मरणाच्या दारात होते. इथे तर पस्तीस जणी होत्या.

त्याच दिवसांत नेहरू नगरच्या आमच्या घरी रंगकाम निघाले. माझे यजमान वसंतराव एका सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन, त्यामुळे आपल्याला सगळे जमते अशी त्यांची समजूत. बिट्टन मार्केटमधून त्यांनी पांढरा रंग आणि त्यात मिसळायच्या निळ्या रंगाच्या छोट्या बाटल्या आणल्या. दुकानदाराने सांगितले होते, एका बादलीला दोन बाटल्या. रविवारी दुपारी मी बाजारातून आले तर पुढच्या खोलीची भिंत आकाशी झाली होती आणि दाराजवळचा तुकडा चांगलाच गडद.

"अहो, हे काय झालं?"

"शेवटचा रंग कमी पडला म्हणून अर्धी बादली बनवली," ते म्हणाले.

"निळा किती घातला?"

"दोन बाटल्या. त्यानं सांगितल्या तेवढ्याच."

हे सांगताना ते स्वतःच थांबले आणि हसायला लागले. मला हसू आले नाही. मी पिशवी हातात धरून त्या गडद तुकड्याकडे बघत राहिले. अर्धी बादली आणि दोन बाटल्या. नियम पाळला होता आणि प्रमाण मोडले होते. मी जे केले होते तेच, पण इथे ते भिंतीवर उमटले होते, लांबून दिसत होते. औषध पाण्यासारखे दिसते. दुप्पट असले तरी पाण्यासारखेच दिसते. भीती असते ती तिथे.

वसंतराव म्हणाले, "अगं, एवढं काय? पुन्हा एक हात मारला की झालं." त्या बाळाची गोष्ट त्यांनाही मी सांगितलेली नव्हती.

सोमवारी मी किराण्याच्या दुकानातून खाण्याच्या लाल रंगाची बाटली घेतली, सलाईनच्या रिकाम्या बाटल्या धुऊन घेतल्या आणि वर्गात गेले. मुलींना सिरिंज दिल्या. एका बाटलीत एक सिरिंज रंग, नऊ सिरिंज पाणी. दुसरीत दोन सिरिंज रंग, अठरा पाणी. तिसरीत तुमच्या उत्तराप्रमाणे, दोन रंग आणि दहा पाणी. मग त्या खिडकीत ठेवून मी म्हटले, "बघा. पहिल्या दोन सारख्या दिसतात, तिसरी गडद."

मुलींनी पाहिले. एक म्हणाली, "मॅडम, तिन्ही वेगळ्या दिसतात."

खरेच होते. पहिल्या बाटलीत रंग तळाशी दोन बोटे होता आणि दुसरीत चार बोटे. जास्त पाण्यातून पाहिले की तोच रंग गडद दिसतो, हे माझ्या डोक्यातच आले नव्हते. पस्तीस मुलींसमोर मी तिन्ही बाटल्या घेऊन उभी होते आणि माझा धडा खोटा ठरत होता. ही गोष्ट यांना उलटीच पटली तर काय, या विचाराने मी घाबरले.

ललिता उठली. कोपऱ्यातल्या कपाटातून तिने लघवी तपासायच्या तीन परीक्षानळ्या आणल्या, तिन्ही सारख्या. प्रत्येकीत एकेका बाटलीतले पाणी सारख्याच उंचीपर्यंत ओतले. मागे वहीचा कोरा कागद धरला. पहिल्या दोन नळ्यांत काही फरक उरला नाही. तिसरी दोघींपेक्षा लाल.

बराच वेळ ती नळ्यांकडे बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे मॅडम, एकूण रंग किती घातला हे बघायचं नाही. प्रत्येक थेंबाला किती आला ते बघायचं."

पुढे वीस वर्षे मी तेच वाक्य वर्गात वापरले आणि प्रत्येक वेळी ते ललिताचे आहे हे सांगितले. त्या महिन्यात आम्ही टेबलभर रंग केले. तीनास सत्तावीस, अर्ध्याला साडेचार, पाचास पंचेचाळीस. मुली नळ्यांची जागा बदलून एकमेकींना ओळखायला लावायच्या. बोटे लाल, ॲप्रन लाल. वॉर्डनने तक्रार केली की हॉस्टेलच्या उशांना डाग पडतात. पुढच्या चाचणीत चुकलेल्या मुली फक्त तीन होत्या आणि त्या रंगांच्या दिवसांत आजारी होत्या.

मला स्वतःचा अभिमान वाटायला लागला. इथे मी जपायला हवे होते.

ललिता तिसऱ्या वर्षाला असताना मी मुलींना घेऊन माझ्या जुन्याच वॉर्डात जात असे. वॉर्डाच्या प्रमुख होत्या सक्सेना सिस्टर. कमी बोलणाऱ्या, हाताला पक्क्या. एका दुपारी चार महिन्यांच्या एका मुलीला झटके सुरू झाले. सक्सेना सिस्टरांनी औषध भरले आणि बाळाचा हात धरायला वळताना सिरिंज ललिताकडे दिली. ललिताने ट्रेमधली मोडलेली कुपी पाहिली. दोन मिलीची होती. सिरिंज दहापर्यंत भरलेली.

"सिस्टर, हे दोनास आठ झालं," ती म्हणाली. "दुप्पट आहे."

"सिरिंज दे."

"नाही सिस्टर. मॅडमना बोलावते."

तिने सिरिंज छातीशी धरली होती. मी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला होते. धावत आले. ट्रेमध्ये ती उंच कुपी पाहिली आणि जिभेला तीच धातूची चव आली. मधली सगळी वर्षे पुसून गेली. मी कुपीला हातही न लावता म्हणाले, "थांबा. देऊ नका."

पलंगावर त्या मुलीच्या मुठी आणि पाय एका लयीत आवळत होते. ओठांभोवती निळसर झाले होते. दाराशी तिचा बाप उभा होता आणि आम्हा तिघींकडे बघत होता. सक्सेना सिस्टरांनी एका हाताने बाळाचा हात धरूनच दुसऱ्या हाताने कुपी उचलली, डोळ्यांजवळ नेली आणि मोठ्याने वाचली. दोन मिली खरी, पण ताकद निम्मी. म्हणजे जुन्या एका मिलीत जेवढे औषध असायचे, तेवढेच या दोन मिलीत. दहापर्यंत पाणी घातले की बरोबर तोच डोस. चूक काहीच नव्हती.

त्यांनी ललिताच्या हातातून सिरिंज घेतली आणि औषध दिले. यात दीड-दोन मिनिटे गेली असतील. ती मिनिटे झटके घेणाऱ्या बाळाची होती. औषध दिल्यावरही झटके थांबायला वेळ लागला आणि तो सगळा वेळ मी मनात मोजत होते, यातला किती माझा.

नंतर सक्सेना सिस्टर हात धूत असताना मी त्यांच्याजवळ गेले. त्याच म्हणाल्या, "थांबलात त्याचं काही नाही, मॅडम. मीही थांबले असते. पण थांबून कुपी वाचली का नाहीत?"

माझ्या रंगाच्या खेळात बाटली एकच होती. सगळ्या जणी त्याच बाटलीतला लाल घ्यायच्या. मुळातला रंगच निम्म्या ताकदीचा असू शकतो, हे मी त्यांना कधी दाखवलेच नव्हते. प्रमाण शिकवले आणि कशाचे प्रमाण ते विचारायला शिकवले नाही.

ती मुलगी वाचली. चौथ्या दिवशी घरी गेली. त्या दोन मिनिटांनी तिचे काही बिघडले का, हे मला कुणी सांगू शकले नाही आणि मीही खोदून विचारले नाही. डॉक्टरांनी उशीर का झाला म्हणून विचारले तेव्हा मी म्हटले, माझ्यामुळे. ते खरेच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डन म्हणाली, उईके सामान बांधते आहे. मी हॉस्टेलवर गेले. पत्र्याची पेटी पलंगावर उघडी होती आणि ललिता तिच्यात पुस्तके भरत होती.

"कुठे निघालीस?"

"घरी. मला नाही जमणार हे, मॅडम. काल मी बरोबर आहे असं मला पक्कं वाटत होतं. जरासुद्धा शंका नव्हती. आता भीती वाटते की चूक करतानाही मला असंच पक्कं वाटेल."

मी पलंगावर पेटीशेजारी बसले आणि तिला त्या दीड महिन्याच्या बाळाची गोष्ट सांगितली. उंच कुपी, आठ तास, मास्क, सगळे. त्याआधी मी ती कुणालाच अशी सलग सांगितली नव्हती. ती उभ्याने ऐकत होती.

"आईला सांगितलंत?" तिने विचारले.

"नाही."

"का?"

"भीती वाटली."

मला वाटले होते, ती म्हणेल की जाऊ दे मॅडम, बाळ वाचलं ना. ती तसे काही म्हणाली नाही. तिने माझ्याकडे नीट पाहिले, बहुधा पहिल्यांदाच मान वर करून, आणि म्हणाली, "सांगायला हवं होतं."

"हो," मी म्हटले.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्हालाही पक्कंच वाटलं असेल ना, कुपी फोडताना?"

"मी त्याचा विचारच केला नव्हता. ते त्याहून वाईट."

ती त्या दिवशी गेली नाही. दुसऱ्या दिवशीही गेली नाही. पेटी मात्र आठवडाभर पलंगावर उघडीच होती. नंतरच्या सोमवारी मी दोन बाटल्या लाल रंग वर्गात नेला. एक दुकानातून आणलेली तशीच आणि दुसरी घरी निम्मे पाणी घालून केलेली. दोन्हींवर चिठ्ठ्या लावल्या, मुद्दाम बारीक अक्षरांत. मुलींना सांगितले, एकास नऊ करा. सगळ्यांनी बरोबर केले आणि नळ्या दोन रंगांच्या निघाल्या. ललिता पुढे आली, तिने दोन्ही चिठ्ठ्या मोठ्याने वाचून दाखवल्या आणि वॉर्डात काय झाले ते वर्गाला स्वतःच सांगितले. आवाज कापत होता, पण थांबली नाही. मग मी माझे सांगितले. पुढे प्रत्येक नव्या वर्गाला मी ते दरवर्षी सांगत गेले. सोपे कधीच झाले नाही.

ललिता आता एका जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात आहे. औषध भरताना दुसऱ्या नर्सने हिशेब तपासायचा असतो, पण दुपारी कधी कधी तिथे ती एकटीच असे. मी निवृत्त झाल्यावर तिने विचारले, "मॅडम, मी फोनवर कुपी वाचून दाखवली तर तुम्ही करून बघाल?" मला आनंद झाला, हे कबूल केले पाहिजे. अजून आपली गरज आहे असे वाटले. ती लेबल वाचायची, बाळाचे वजन सांगायची आणि आम्ही दोघी आपापला हिशेब करून मग उत्तर बोलायचो. दीड-दोन वर्षे उत्तरे जुळत गेली.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी मी वाटाणे सोलत बसले होते. फोन आला. तिने लेबल वाचले. मी वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीने लिहून घेतले.

"एक मिली औषध घेतेय. पाणी किती?" तिने विचारले.

"दहा मिली," मी म्हटले.

पलीकडे यंत्राचा टिक टिक आवाज ऐकू येत होता.

"माझं नऊ येतंय, मॅडम."

मी कागदाकडे पाहिले. दहापर्यंत पाणी घालायचे, तर मी दहा पाणी लिहिले होते. औषध स्वतःही त्या दहातच मोजायचे असते, हे मी वीस वर्षे फळ्यावर लिहीत आले होते. वाटाण्याची शेंग हातातच राहिली.

"मी अजून काही भरलेलं नाही," ललिता म्हणाली. तिचा आवाज अगदी स्थिर होता. "तुम्ही पुन्हा करा. मी आहे लाईनवर."

मी पुन्हा केले. नऊ.

"तुझं बरोबर आहे," मी म्हटले. "मी चुकले."

"ठीक आहे, मॅडम. ठेवते."

फरक लहान होता. त्याने बाळाला औषध थोडे कमी पडले असते, इतकेच. पण मी तोच हिशेब कागदावर पुन्हा पुन्हा मांडत बसले. तिने माझ्यावर विसंबून स्वतःचा आकडा खोडला असता तर काय, एवढेच डोक्यात फिरत होते. चार वाजता तिचा निरोप आला की बाळ ठीक आहे. मी तिला फोन केला.

"आता मला विचारत जाऊ नकोस, ललिता. ज्याच्या डोळ्यांसमोर कुपी आहे त्यालाच विचारायचं."

"दुपारी कोणी नसतं म्हणून तर तुम्हाला विचारते."

"मग भांड. वरिष्ठांना लेखी दे. पण फोनवरच्या म्हातारीवर बाळ सोडू नकोस."

"हो मॅडम."

तिने लेखी दिले, दोनदा दिले. आता शेजारच्या वॉर्डातली एक सिस्टर दुपारच्या औषधांच्या वेळी तिच्याजवळ येऊन उभी राहते. ललिताचा हिशेबासाठी फोन येत नाही. मला सुटल्यासारखे वाटते आणि तसे वाटते याची थोडी लाजही वाटते.

पण दुपारी फोन वाजला की बोलण्याआधी मी पेन्सिल शोधते. परवा अशीच पेन्सिल हातात घेऊन फोन उचलला तर नागपूरहून धाकटी बहीण बोलत होती. तिला मेथीच्या लाडवांचे प्रमाण हवे होते. मी सांगितले. मग ते तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतले आणि दोन्ही वेळा कागदावर लिहून पाहिले.